खोड आणि पाने : आकडे मांडण्याची एक साधी रीत



ज्या गणितशिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले नाही. मी आयुष्यभर मराठी शिकविले. तेव्हा माझ्याकडून संतसाहित्यावर किंवा सीमाभागातील मराठीवर व्याख्यान होईल, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु गणिताच्या शिक्षकाच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानात गणिताला हातही लावायचा नाही, हे मला प्रशस्त वाटले नाही. म्हणून आज मी आकडे मांडण्याच्या एका अगदी साध्या रीतीविषयी बोलणार आहे. ती कळायला दशक आणि एकक यांपलीकडे गणित लागत नाही. मराठीच्या प्राध्यापकाने तिच्यात इतके का रमावे, हे ओघात स्पष्ट होईलच.

या रीतीला इंग्रजीत 'स्टेम अँड लीफ' म्हणतात. तिला 'स्कंध-पर्ण आलेख' असे भारदस्त नाव देता येईल. मला मात्र 'खोड आणि पाने' हेच बरे वाटते. जॉन ट्यूकी या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने आपल्या १९७७ च्या ग्रंथातून ती जगभर पोहोचविली. ट्यूकी प्रिन्स्टन विद्यापीठात आणि बेल प्रयोगशाळेत काम करीत. संगणकाच्या भाषेतला 'बिट' हा शब्दही त्यांचाच. संगणकाशी इतका निकटचा संबंध असलेल्या या माणसाने कागद-पेन्सिलीने करायच्या मांडणीचा एवढा आग्रह धरावा, ही गोष्ट मला मोलाची वाटते. आकड्यांना सूत्रात घालण्याआधी ते डोळ्यांखालून जाऊ द्यावेत, असे त्यांचे म्हणणे होते.

रीत अशी. समजा, ६१, ५५, ६४, ७५ असे आकडे आहेत. प्रत्येकातला दशकाचा अंक म्हणजे खोड आणि एककाचा अंक म्हणजे पान. डावीकडे खोडे एकाखाली एक लिहायची, त्यांच्या उजवीकडे एक उभी रेघ ओढायची आणि आकडे जसे समोर येतील तसतशी पाने त्या त्या खोडासमोर लावत जायची. ६१ आला की ६ च्या समोर १, ५५ आला की ५ च्या समोर ५. सगळी पाने लावून झाली की दुसऱ्या फेरीत प्रत्येक ओळ चढत्या क्रमाने लिहून काढायची. पानांमधले अंतर सारखे ठेवले, तर ज्या खोडावर पाने अधिक ती ओळ आपोआप लांब होते. म्हणजे आयतालेखाने जे दिसले असते ते दिसतेच. शिवाय मूळचा एकही आकडा हरवत नाही. आयतालेखात '६० ते ७० या वर्गात सात' एवढेच उरते. ते सात कोण, हे विचारायची सोय राहत नाही.

असे म्हणतात की जपानमधील रेल्वेस्थानकांवर वेळापत्रके याच धर्तीची असतात, आणि ते खरे आहे. डावीकडे तास, उजवीकडे त्या तासात सुटणाऱ्या गाड्यांची मिनिटे. गर्दीच्या वेळेची ओळ लांब, रात्रीची आखूड. आकडा वाचण्याआधीच प्रवाशाला कळते की गाड्या केव्हा भरपूर आहेत.

आता माझ्या विषयाकडे जरा वळतो. आपण मराठीत आकडा लिहितो तेव्हा दशक आधी आणि एकक नंतर. बोलतो तेव्हा मात्र उलटे. 'एकसष्ट' म्हणताना आपण एक आधी म्हणतो आणि साठ मागाहून. म्हणजे मराठी जीभ पान आधी उच्चारते, खोड नंतर. तेलुगूत 'अरवै ओकटि', म्हणजे साठ आणि एक. तिथे खोड आधी. इंद्रवेल्लीच्या बाजारात ज्या मुलाला दोन्ही भाषांत हिशोब करावा लागतो, तो दिवसातून कितीदा तरी ही उलटापालट करतो आणि आपण काही विशेष करतो आहोत याची त्याला जाणीवही नसते.

मराठीत आणखी एक गंमत आहे. एकोणतीस, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे शब्द पाहा. ऐंशीला एक उणा, म्हणून एकोणऐंशी. कानाने ऐकले तर हा आकडा ऐंशीच्या घरातला वाटतो. लिहायला बसलो तर तो सातच्या खोडावर जातो. ही 'एकोन' संस्कृतातून आपल्याकडे आलेली आहे आणि ती सुंदरही आहे. पण खोडावर पान लावताना लहान मूल चुकेल ते नेमके इथेच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी वाचनाची रीत आणली गेली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला आणि प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला. गणिताच्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरांनी भरलेली ही संख्यानामे मुलांना जड जातात, असे त्यांचे म्हणणे होते. मराठीचा अध्यापक म्हणून जुनी नावे टाकून द्यावीत असे मला वाटत नाही. 'त्र्याहत्तर' हा शब्द नाहीसा झाला तर मला वाईट वाटेल. परंतु त्या वादात ज्यांनी त्यांची टवाळी केली, त्यांनी एकदा तरी दुसरीच्या मुलाला खोड आणि पान वेगळे करायला सांगून पाहायला हवे होते.

याच परिसरातल्या नारनूर मंडलातील गुंजाळा गावी सापडलेल्या हस्तलिखितांतून जी गोंडी लिपी पुढे आली, तिचा २०१८ मध्ये युनिकोडमध्ये समावेश झाला. त्यात अंकांची स्वतंत्र चिन्हेही आहेत. ही पाने त्या अंकांत लिहिता येतील, हे इथल्या शिक्षकांच्या कानावर घालून ठेवतो.

रीत नीट समजावी म्हणून पहिले उदाहरण माझ्या ओळखीच्या प्रांतातले घेतो. ज्ञानेश्वरीचे अध्याय अठरा. प्रत्येकातील ओव्यांची संख्या प्रचलित प्रतीनुसार अशी आहे : २७५, ३७५, २७६, २२५, १८०, ४९७, २१०, २७१, ५३५, ३३५, ७०८, २४७, ११७०, ४१५, ५९९, ४७३, ४३३ आणि १८१०. प्रतीप्रतींत ओव्यांची संख्या थोडीफार बदलते. नाथांना १५८४ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली ती काही उगीच नव्हे. आपल्या कामाला ही संख्या पुरेशी आहे. हे आकडे मोठे असल्यामुळे शतकाला खोड मानू, दशकाला पान मानू आणि एकक सोडून देऊ.

१ | ८
२ | १ २ ४ ७ ७ ७
३ | ३ ७
४ | १ ३ ७ ९
५ | ३ ९
६ |
७ | ०
८ |
९ |
१० |
११ | ७
१२ |
१३ |
१४ |
१५ |
१६ |
१७ |
१८ | १

(२ | ७ म्हणजे २७० ते २७९ ओव्या.)

रिकामी खोडे मी मुद्दाम लिहिली आहेत. ती गाळली असती तर अठरावा अध्याय तेराव्याला चिकटून बसला असता आणि दोहोंमधली सहाशे ओव्यांची दरी दिसली नसती. या अठरा अध्यायांची सरासरी काढली तर ती पाचशेच्या किंचित वर येते. 'ज्ञानेश्वरीच्या अध्यायात सरासरी पाचशे ओव्या असतात' हे वाक्य परीक्षेत बरोबर ठरेल. पण अठरापैकी तेरा अध्याय त्या सरासरीच्या खाली आहेत. तेराव्या आणि अठराव्या अध्यायांनी ती वर ओढून नेली आहे. मध्यक काढायचा तर लहानमोठ्या क्रमाने मधले दोन अध्याय पाहायचे. ते ३७५ आणि ४१५ ओव्यांचे, म्हणून मध्यक ३९५. सरासरी आणि मध्यक यांत शंभराहून अधिक फरक पडला की समजावे, कोणीतरी एकट्याने पारडे जड केले आहे.

आता मूळ गीतेच्या अध्यायांतील श्लोकसंख्या याच रीतीने मांडू. इथे खोड दशकाचे, पान एककाचे. तेराव्या अध्यायाचे श्लोक काही प्रतींत ३४, काहींत ३५ आहेत. एकूण सातशे भरावेत म्हणून मी ३४ धरले आहेत.

२ | ० ० ४ ७ ८ ८ ९
३ | ० ४ ४
४ | २ २ ३ ७ ७
५ | ५
६ |
७ | २ ८

दोन्ही आकृत्या शेजारी ठेवा. गीतेत सातच्या खोडावर दोन पाने आहेत : दुसरा अध्याय ७२ श्लोकांचा आणि अठरावा ७८ श्लोकांचा. ज्ञानेश्वरीत अठरावा टोकाला राहिला, पण दुसरा मागे सरून मध्यात येऊन बसला. गीतेत बारावा आणि पंधरावा हे दोन्ही वीस श्लोकांचे. पहिल्या ओळीत दोन शून्ये जी दिसतात ती यांचीच. ज्ञानेश्वरीत बाराव्याच्या २४७ ओव्या झाल्या आणि पंधराव्याच्या ५९९. दुसऱ्या अध्यायात श्लोकामागे सुमारे पाच ओव्या, बाराव्यात बारा, पंधराव्यात तीस आणि तेराव्यात चौतीसच्या आसपास. तेराव्यात ज्ञानाची लक्षणे सांगणारे श्लोक आहेत. अमानित्व, अदंभित्व, अहिंसा, आचार्योपासना यांतल्या एकेका शब्दापाशी ज्ञानदेव थांबले आहेत. हे ज्ञानेश्वरीच्या वाचकाला ठाऊक असते. तरीही ते अंतर असे समोर मांडलेले पाहिले की आपला वाचनानुभव कोणीतरी तपासून दिल्यासारखे वाटते. आकड्यांनी काव्य कळत नाही, ही तक्रार मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. कवी कुठे थांबला, एवढे मात्र त्यांनी कळते, आणि अध्यापकाला पुढचा प्रश्न विचारायला तेवढे पुरते.

या सरासरीच्या प्रश्नावर मराठी माणसांनी एक मोठा वाद घातलेला आहे, तो सांगून पुढे जातो. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये 'भारतातील दारिद्र्य' हा अभ्यास प्रसिद्ध केला. दरडोई रोज २२५० उष्मांक देणारा आहार ज्या खर्चात मिळतो, तो खर्च त्यांनी दारिद्र्याची सीमा मानला. पां. वा. सुखात्मे हे आहाराच्या प्रश्नाला वाहून घेतलेले संख्याशास्त्रज्ञ. त्यांचा आक्षेप असा की, गरज ही सरासरी आहे. माणसामाणसांत ती वेगळी असते, एकाच माणसात रोजच्या रोज कमीजास्त होते. म्हणून सरासरीच्या खाली जो सापडला तो उपाशीच, असे म्हणता येणार नाही. दांडेकरांना ते मान्य नव्हते. सुखात्म्यांच्या मार्गाने गेले तर उपाशी माणसांची संख्याच कागदावरून घटेल, अशी भीती अनेकांना वाटली. माझा कल दांडेकरांकडे आहे. तरी सुखात्म्यांनी विचारलेला प्रश्न, सरासरीच्या आत कोण कोण उभे आहे, हा मला विसरता आलेला नाही.

तोच प्रश्न आता आपल्या परिसराला विचारू. तेलंगण आणि मराठवाडा हे दोन्ही प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात आले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषेच्या आधारावर या दोघांच्या वाटा फुटल्या. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके तेव्हा पलीकडे गेले. उटनूर, इंद्रवेल्ली इकडे राहिले. आपल्यापैकी कितीतरी घरांची सोयरीक आजही पैनगंगेच्या दोन्ही काठांवर आहे. अशा दोन भावंडांची तुलना करायची तर एकाच खोडाच्या दोन्ही बाजूंना पाने लावावीत. २०११ च्या जनगणनेतील जिल्हावार साक्षरतेचे प्रमाण मी घेतले आहे. सात वर्षांवरील लोकसंख्येत शंभरांमागे किती साक्षर, असा त्याचा अर्थ. दशांश सोडून दिले आहेत. २०२१ ची जनगणना महामारीमुळे पुढे गेली, म्हणून २०११ चेच आकडे घ्यावे लागले. तेलंगणचे जिल्हे अर्थातच तेव्हाचे दहा. आदिलाबादचे चार तुकडे २०१६ मध्ये झाले.

डावीकडे तेलंगण (१० जिल्हे), उजवीकडे मराठवाडा (८ जिल्हे)

५ | ५ |
५ ४ ४ ४ १ १ १ | ६ |
५ | ७ | १ ३ ५ ६ ७ ८ ८ ९
३ | ८ |

(मधला अंक खोडाचा. डावीकडची पाने खोडापासून बाहेर वाचायची. ६ च्या डावीकडचे पहिले १ म्हणजे ६१ टक्के.)

उजवी बाजू पाहा. मराठवाड्याचे आठही जिल्हे एकाच खोडावर. जालना ७१, परभणी ७३, नांदेड ७५, बीड ७६, लातूर ७७, हिंगोली आणि उस्मानाबाद ७८, औरंगाबाद ७९. (शेवटच्या दोन जिल्ह्यांची नावे पुढे धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर झाली; जनगणनेत जुनी आहेत.) डावीकडे चित्र विस्कटलेले आहे. हैदराबाद ८३ वर, रंगारेड्डी ७५ वर, महबूबनगर थेट ५५ वर, आणि उरलेले सात साठीच्या घरात. त्या सातांतही दोन पुंजके आहेत : आदिलाबाद, निजामाबाद, मेदक हे ६१ वर, करीमनगर, नलगोंडा, खम्मम ६४ वर आणि वरंगळ त्यांच्या शेजारी ६५ वर. मध्यक काढले तर डावीकडे ६४, उजवीकडे साडेशहात्तर. बारा-साडेबारा टक्क्यांचे अंतर. राजधानीचे शहर ज्या बाजूला, ती बाजू मागे. हैदराबादच्या उजेडाने महबूबनगरपर्यंतचा अंधार निवळला नाही, असे म्हणायला ही आकृती आधार देते.

इथे मराठी श्रोत्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसू लागते, ते मी पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे. ते जरा आवरावे. आकृती अंतर दाखविते. कारण सांगत नाही. १९५६ नंतर पलीकडे काय झाले, इकडे काय राहिले, शाळा कोणत्या भाषेत चालल्या, मुलींना शाळेत केव्हा घातले, हे सगळे शोधावे लागेल. आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला या गावात उभे राहून सांगितलीच पाहिजे.

या आकृतीत चारचे खोड नाही, कारण चाळीस ते पन्नासमध्ये एकही जिल्हा नाही. परंतु त्याच जनगणनेत तेलंगणातील अनुसूचित जमातींच्या साक्षरतेचे प्रमाण ४९ टक्क्यांच्या थोडे वर आहे. मराठी जिभेला ते एकोणपन्नास म्हणून पन्नाशीत वाटेल. पान मात्र चारच्या खोडावर लागते. म्हणजे राज्यातल्या आदिवासींसाठी आकृतीच्या वर एक नवे खोड लिहावे लागेल, जे जिल्ह्यांच्या सरासऱ्यांनी कधी उगवूच दिले नाही. महाराष्ट्राच्या बाजूला पाहू. तिथे अनुसूचित जमातींचे प्रमाण ६५ टक्के. मराठवाड्याची सगळी पाने सातवर आणि आदिवासींचे पान खाली सहावर. हा आकडा सबंध महाराष्ट्राचा आहे, मराठवाड्याचा नाही, हे लक्षात ठेवून बोलतो. तरी खोडाच्या दोन्ही बाजूंना तोच नियम दिसतो : ज्या ओळीत जिल्हा, तिच्या वरच्या, कमी आकड्याच्या ओळीत आदिवासी.

आदिलाबादचे ६१ हे काय आहे, तेही पाहावे. अविभक्त आदिलाबादमध्ये बेल्लमपल्ली-मंचेरियालचा कोळशाचा पट्टा होता, कागदाची गिरणी असलेले कागजनगर होते, आणि उटनूरच्या डोंगरातली गोंड, कोलाम, परधान, तोटी यांची गुडेही होती. या सगळ्यांचे मिळून ६१. कागजनगरच्या कामगार वसाहतीतला मुलगा आणि कोलामगुड्यातली मुलगी या एका पानात घडी घालून ठेवले आहेत. पान उलगडून पाहायचे तर मंडलवार, मग गाववार खाली उतरावे लागते, आणि ती माहिती जनगणनेच्या पुस्तकांत असते. कोणी उतरत नाही, एवढेच.

इथल्या शिक्षणाचा आरंभही याच डोंगरात झाला. १९४० मध्ये जोडेघाट येथे कोमरम भीम मारले गेल्यानंतर निजाम सरकारला आदिवासींच्या प्रश्नाची दखल घेणे भाग पडले. मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ आणि त्यांच्या पत्नी बेटी मारलवाईत येऊन राहिले आणि १९४३ मध्ये तिथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र सुरू झाले. गोंडी वाचनाची पहिली पुस्तके देवनागरीत छापली होती, हे मराठी माणसाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुढच्या दशकांत या डोंगराकडे जमिनीसाठी बाहेरून जी माणसे आली, त्यांत मराठी मुलखातून आलेलेही पुष्कळ होते. हेही त्याने तितकेच लक्षात ठेवावे. हायमेनडॉर्फ यांनी पुढे परत येऊन हा बदल पाहिला आणि लिहिला. १९७० मध्ये कायद्यातली दुरुस्ती आदिवासींच्या बाजूने झाली. जमिनी मात्र त्या वेगाने परतल्या नाहीत.

त्यातूनच २० एप्रिल १९८१ चा दिवस उगवला. सोमवार होता, इंद्रवेल्लीचा आठवडी बाजार. जमिनीच्या मागण्यांसाठी गिरिजन रयतु कुली संघमने बोलावलेल्या सभेला गोंड स्त्री-पुरुष येत होते. सभेला मनाई करण्यात आली आणि पोलिसांनी गोळीबार केला. शासनाने मृतांचा आकडा १३ सांगितला. नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांनी आणि गावोगावच्या लोकांनी सांगितलेले आकडे याहून पुष्कळ मोठे आहेत. कुठे साठ, कुठे शंभराच्याही पुढे. या समोरच्या श्रोत्यांत असे काही असतील की ज्यांच्या घरात हा आकडा कोणत्याही कागदावरून शिकावा लागला नाही.

आकड्यांवर व्याख्यान देणाऱ्याने या तीन आकड्यांचे काय करावे? एक सोपी सवय अशी की, दोन्ही बाजू अतिशयोक्ती करतात, खरे मध्ये कुठेतरी असणार, असे म्हणून मोकळे व्हायचे. १३, ६० आणि १०० यांची सरासरी ५८ येते. ही ५८ माणसे कोण? ती कोणाचीच नाहीत. शासनाच्या यादीत नाहीत, गावांच्या आठवणीत नाहीत. ज्ञानेश्वरीच्या अठरा अध्यायांची सरासरी निदान अठरा खऱ्या अध्यायांतून निघाली होती. ही तीन विधानांतून निघाली आहे. एका घटनेत किती माणसे गेली याचे उत्तर एकच असते, आणि ते हिशोबाने निघत नाही. नावांच्या यादीने निघते. नाव, गाव, वय. अशी यादी सर्वांसमक्ष पुरी झाली असती तर वयांची पाने आपल्याला खोडांवर लावता आली असती, आणि किती तरुण, किती म्हातारे, किती लेकुरवाळ्या बाया, हे आज दिसले असते. बेरीज सांगणारे दोन्ही बाजूंना होते; पाने मोजून दाखविण्याची जबाबदारी ज्याच्याकडे दप्तर असते त्याची, म्हणजे शासनाची.

मृतांच्या स्मरणार्थ इथे उभारलेला स्तंभ १९८६ मध्ये उद्ध्वस्त करण्यात आला आणि पुढे तो पुन्हा बांधण्यात आला. वर्षानुवर्षे २० एप्रिलला इथे जमण्यावर निर्बंध असत. आकड्याविषयी एकमत नसले की स्मारकालाही स्वस्थता नसते.

माझे मुख्य सांगून झाले. शाळेपुरती एक सूचना करतो. प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर असते. त्यात मुलाची जन्मतारीख असते, दाखल झाल्याची तारीख असते आणि शाळा सोडल्याची तारीख व कारणही असते. शाळा सोडतानाचे वय काढून त्याची आकृती नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. वय महिन्यांत मोजले तर पाने नीट पसरतील. वर्ष हे खोड आणि महिना हे पान, म्हणजे महिने शून्यापासून अकरापर्यंत जातील. दहा आणि अकरा ही दोन अंकी पाने स्वल्पविराम देऊन लिहावीत. एकाच खोडाच्या डावीकडे मुली, उजवीकडे मुलगे. दर दहा वर्षांची एक आकृती केली तर शाळेचा सबंध इतिहास आठ-दहा पानांत मावेल. नावे कुठेही येणार नाहीत, पण समोर बसलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याचा अंक त्यात असेल.

हे करताना तीन गोष्टी पाळाव्यात. खाली अर्थ सांगणारी ओळ लिहावी, नाहीतर '१२ | ७' म्हणजे बारा वर्षे सात महिने हे पुढच्या वाचकाला कळणार नाही. पानांमधले अंतर सारखे ठेवावे. आणि मधले एखादे खोड रिकामे राहिले तर ते तसेच रिकामे लिहावे. तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या डावीकडच्या ओळी अकस्मात लांब झाल्या आणि पंधराव्याच्या पुढे काहीच उरले नाही, तर शाळेतल्या मुली केव्हा थांबल्या हे त्या कोऱ्या जागेनेच कळेल.